लाल पडलेला अल्बम आणि न सापडणारी फाईल

बहुतेक घरांत कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा किंवा पलंगाखालची ट्रंक जुन्या फोटोंसाठी राखलेली असते. एखाद्या सुट्टीच्या दुपारी ती उघडा आणि तीन पिढ्यांचे फोटो शेजारी शेजारी मांडून पाहा. पणजोबांचा १९४० च्या सुमारास स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो अजून ठसठशीत असतो. फेट्याची घडी न् घडी दिसते, शेजारी बसलेल्या पणजीच्या नऊवारीचे काठ ओळखू येतात. आईवडिलांच्या लग्नाचा, म्हणजे १९८० च्या आसपासचा रंगीत अल्बम मात्र लालसर पडलेला असतो. हिरवा शालू पिवळट तपकिरी दिसतो, मांडवामागचं निळं आभाळ गुलाबी झालेलं असतं. आणि २००९ साली बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले शे-दोनशे फोटो? ते ट्रंकेत नसतातच. जुन्या कॉम्प्युटरवर होते, असं कोणीतरी सांगतं. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला असतो.

म्हणजे तंत्र पुढे सरकत गेलं आणि फोटोंचं आयुष्य मात्र घटत गेलं. असं का व्हावं? उत्तर फोटो कशाचा बनलेला आहे, यात आहे. ते एकदा समजलं की आज फोनमध्ये अडकून पडलेल्या हजारो फोटोंपैकी काही कागदावर का उतरवायचे आणि कसे, हेही समजतं.

चांदीने काढलेली चित्रं

जुना कृष्णधवल फोटो हे शाईचं काम नाही. ते धातूचं काम आहे. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश जिथे पडतो, तिथल्या कणांत एक सूक्ष्म बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरच्या द्रावणात कागद बुडवला की हे बदललेले कण शुद्ध धातुरूप चांदीचे बनतात. इतकी बारीक चांदी चमकत नाही, काळी दिसते. मग हायपोच्या द्रावणात उरलेले, प्रकाश न लागलेले क्षार विरघळवून काढून टाकायचे आणि कागद वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचा. उरतो तो फोटो. पणजोबांच्या मिशीचा काळा रंग म्हणजे खरोखरची चांदी आहे.

धातू सहजासहजी विटत नाही, म्हणून हे फोटो टिकले. जे पिवळे पडले, त्यांचं कारण बहुधा स्टुडिओतल्या घाईत सापडतं. हायपो नीट धुतला गेला नाही, तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीशी संयोग पावतं आणि फोटो पिवळट होऊ लागतो. दुसरी एक खूण तुम्हाला स्वतः पाहता येईल. जुना फोटो हातात धरून खिडकीच्या उजेडात थोडा तिरका करा. कडेच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक चमकताना दिसेल. हवेतल्या वायूंमुळे चांदीचे कण झिजून पृष्ठभागावर पुन्हा जमले, की अशी झाक येते. बनावट जुन्या फोटोंत ती सहसा नसते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडे ही कला युरोपच्या फार मागे नव्हती. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक वीरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रं घेतली. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही आपण ती पाहू शकतो, कारण तो पुरावा चांदीत उमटलेला होता.

तीन रंग, आणि त्यातला एक लवकर निघून जाणारा

रंगीत प्रिंटचा कागदही सुरुवातीला चांदीवरच चालतो, पण त्याचे थर तीन असतात. डेव्हलपर चांदीवर काम करत असतानाच प्रत्येक थरात एकेक रंजक तयार होतं : एका थरात पिवळं, दुसऱ्यात किरमिजी, तिसऱ्यात निळसर हिरवं, ज्याला छपाईवाले सायन म्हणतात. रंग तयार झाले की चांदी धुऊन काढली जाते. इथेच फरक पडतो. शेवटी कागदावर जे उरतं त्यात धातूचा अंशही नसतो, असतात फक्त सेंद्रिय रंगांचे रेणू. आणि असे रेणू ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तुटतात.

तिन्ही रंग एकाच वेगाने उडाले असते, तर फोटो नुसता फिकट झाला असता. पण १९७० च्या दशकात आणि ८० च्या सुरुवातीला जे कागद वापरले जात, त्यांच्यातला सायन सगळ्यांत दुबळा होता. अल्बम मिटून कपाटात, अंधारात ठेवला तरी तो उडत राहायचा. सायनचं काम लाल प्रकाश शोषून घेण्याचं. तोच गेला की लाल प्रकाश मोकळेपणी परत येऊ लागतो आणि सगळा फोटो लालसर दिसतो. तुमच्या आईवडिलांचा अल्बम कोणी निष्काळजीपणे ठेवला म्हणून लाल पडलेला नाही, ही गोष्ट घरात सांगण्यासारखी आहे. दोष त्या काळच्या कागदाचा होता.

आपल्या हवेने त्यात भर घातली. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात काय होत असेल, याचा अंदाज करा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कागद बनवणाऱ्या कंपन्यांनी सायन सुधारला आणि त्यानंतरचे रंगीत फोटो बरेच चांगले राहिले. तुमच्या घरातले १९९५ चे फोटो १९८० च्या फोटोंपेक्षा ताजे दिसतात, त्याचं कारण वय एवढंच नाही.

लाल पडलेल्या फोटोतला रंग पूर्ण मेलेला नसतो. स्कॅन करून उरलेला सायन कॉम्प्युटरवर वाढवला, तर शालू पुन्हा हिरवा करता येतो. हे काम मात्र लवकर करायला हवं. उरलासुरला रंगही संपला की वाढवायला काही उरत नाही.

फाईल फिकी पडत नाही, ती नाहीशी होते

आता त्या वाढदिवसाच्या फोटोंकडे वळू. फाईल म्हणजे आकडे. आकडे विटत नाहीत, हजार वेळा नक्कल केली तरी शेवटची नक्कल पहिल्याइतकीच चांगली. कागदाला हे कधीच जमणार नाही. मग फाईली हरवतात कशा?

हरवतात, कारण आकडे कशावर तरी ठेवावे लागतात आणि ते साधन टिकत नाही. हार्ड डिस्क फिरता फिरता बंद पडते. मेमरी कार्डात आणि पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भारात साठवलेली असते. वर्षानुवर्षं न वापरता ठेवलं तर तो भार गळत जातो. लग्नाची सीडी आठवा. घरगुती किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीत माहितीचा थर सेंद्रिय रंगाचाच असतो, म्हणजे रंगीत फोटोचं दुखणं तिथेही आहेच. आणि ती शाबूत असली तरी आजच्या लॅपटॉपला ती घालायला फट नसते.

दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेल्या फोटोंचं भवितव्य त्या जागामालकाच्या हाती असतं. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंसाठीची अमर्याद मोफत जागा थांबवली. शिवाय दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचा नियम केला आणि डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. यात कोणाचा दुष्टावा नाही, जागा चालवायला खर्च येतो. पण माणूस गेला, त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, आणि दोन वर्षांनी खातंच पुसलं गेलं, तर त्याच्या आयुष्यभराच्या फोटोंचं काय झालं हे घरच्यांना कळतही नाही. गुगल आणि अॅपल या दोघांच्याही सेटिंगमध्ये आपल्यामागे खातं कोणाला मिळावं हे नोंदवता येतं. हा लेख खाली ठेवण्याआधी ते करून टाका.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा फरक हा आहे. फाईल जगते ती कोणीतरी सतत लक्ष दिलं तर : दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर, नव्या फोनवर, नव्या खात्यावर हलवली तर. एका पिढीने कंटाळा केला की साखळी तुटली. चांगली प्रिंट मात्र विसरली गेली तरी टिकते. तीस वर्षं ट्रंकेत कोणी हात लावला नाही तरी ट्रंक उघडताक्षणी ती दिसते, तिला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. इंटरनेटच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांनी २०१५ साली सॅन होजेतल्या एका विज्ञान परिषदेत हाच धोका मांडला होता आणि मोलाचे फोटो छापून ठेवा असा सल्ला दिला होता. आयुष्यभर डिजिटल जगात काम केलेल्या माणसाने तो दिला, म्हणून त्याला वजन आहे.

याचा अर्थ फाईली टाकून द्या असा नाही. प्रिंट जळू शकते, फाटू शकते. दोन्ही हवं.

पडद्यावर उजळ, कागदावर काळपट

फोनवर झकास दिसलेला फोटो लॅबमधून आला की काळपट वाटतो, ही तक्रार फार जुनी. लॅबवाल्याचा दोष त्यात कधी असतो, पण मुळात दोन पृष्ठभागांचं काम वेगळं आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र मिसळून तो पांढरा तयार करतो, म्हणजे रंग वाढवत नेला की उजळपणा वाढतो. कागद स्वतः काहीच देत नाही. खोलीतला प्रकाश त्याच्यावर पडतो, त्यातला काही भाग रंग गिळून टाकतात आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. इथे रंग वाढवत नेला की अंधार वाढतो. कागदाचा सर्वांत पांढरा भाग खोलीतल्या प्रकाशापेक्षा उजळ असूच शकत नाही.

म्हणून छापायला देण्याआधी फोनची ब्राइटनेस निम्म्यावर आणा, डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड बंद करा आणि मग फोटो पाहा. काळपट वाटला तर तिथेच थोडा उजळवा, विशेषतः चेहरे. सावलीतला चेहरा पडद्यावर चालून जातो, कागदावर तो हरवतो. पन्नास फोटो एकदम द्यायचे असतील, तर आधी तीन-चार नमुन्याला छापून घ्या. शहाणे लग्नाचे फोटोग्राफरही हेच करतात.

चौकट : लॅबमध्ये जाण्याआधी

कागदावर नीट दिसण्यासाठी एका इंचात साधारण ३०० ठिपके हवेत. म्हणजे चार बाय सहासाठी १२०० × १८०० ठिपके पुरतात, आठ बाय बारासाठी २४०० × ३६०० लागतात. भिंतीवर लावून लांबून पाहायचा मोठा फोटो इंचाला २०० ठिपक्यांवरही चांगला दिसतो.

फोन साधारणपणे ४:३ या प्रमाणात फोटो काढतो, चार बाय सहाचा कागद मात्र ३:२ चा असतो. त्यामुळे फोटोच्या आखूड बाजूचा जवळजवळ नववा भाग कापला जातो आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. सहा बाय आठ किंवा बारा बाय सोळा हे माप फोनच्या फोटोला नेमकं बसतं. चार बाय सहाच हवं असेल, तर कडेला पांढरी पट्टी सोडून पूर्ण फोटो बसवायला सांगा.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. लॅबला पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर मूळ फाईल न्या.

हळद आणि गेरू

फोटो छापण्याच्या चार पद्धती आज बाजारात आहेत आणि गिऱ्हाइकाला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. दर वेगळे, आयुष्यही वेगळं. पहिली, मोठ्या फोटोलॅबची. तिथे अनेकदा आजही चांदीचाच रंगीत कागद वापरतात. निगेटिव्हच्या जागी लेझरचे लाल, हिरवे, निळे किरण कागदावर फोटो उमटवतात आणि पुढची धुलाई जुन्याच रसायनांनी होते. दहा-वीस रुपयांत मिळणारी ही चार बाय सहाची प्रिंट अल्बममध्ये अनेक दशकं चांगली राहते. स्वस्त म्हणून तिला कमी लेखू नका. दुसरी, पर्यटनस्थळी किंवा पासपोर्ट फोटोच्या दुकानात मिनिटात फोटो देणाऱ्या यंत्राची. त्यात रंगाच्या फितीला उष्णता देऊन पिवळा, किरमिजी आणि सायन एकामागून एक कागदावर चढवतात आणि शेवटी पारदर्शक लेप देतात. कागद आत-बाहेर जाताना दिसतो तो म्हणूनच. तिसरी, शाई फवारणारा इंकजेट. चौथी, टोनरच्या पुडीवर चालणारा रंगीत झेरॉक्ससारखा लेझर प्रिंटर. टिकवायच्या फोटोसाठी ही शेवटची पद्धत टाळा.

इंकजेटचा विचार जरा सावकाश करायला हवा, कारण तो घरी असतो. त्याच्या एका थेंबाचं आकारमान दोन-चार पिकोलिटर असतं. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हे थेंब किती टिकतील, हे शाईच्या जातीवर ठरतं. एका जातीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे घन कण पाण्यात तरंगत असतात, ती पिगमेंट शाई. फरक समजून घ्यायला आपलं स्वयंपाकघर आणि अंगण पुरेसं आहे. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला तर आजी तो धुऊन उन्हात वाळत घालायला सांगायची. साबणाने न गेलेला पिवळेपणा संध्याकाळपर्यंत उन्हाने जायचा. हळदीचा रंग सुट्या रेणूंच्या रूपात धाग्यात मुरलेला असतो, प्रत्येक रेणू उन्हाच्या माऱ्यात एकटा सापडतो आणि तुटतो. गेरूचं तसं नाही. तुळशी वृंदावनावर फासलेला गेरू पावसाने धुपेल, पण उन्हाने विटणार नाही. त्याचा प्रत्येक कण लोहाच्या ऑक्साइडचा घट्ट खडा असतो. पिगमेंट शाईतले सगळे रंग काही खनिज नसतात, तरी तत्त्व हेच : कणाच्या बाहेरच्या थरातले रेणू तुटले तरी आतले शाबूत राहतात.

आपल्याकडच्या घरगुती टाकीवाल्या प्रिंटरमध्ये रंगीत शाया बहुतेक वेळा डाय जातीच्या असतात. त्यांचे रंग तजेलदार येतात, पण सच्छिद्र चकचकीत कागदावर छापून उघड्यावर ठेवले तर हवेतला ओझोनही ते खातो. काचेमागे किंवा पाकिटात ठेवले तर ते पुष्कळ जास्त जगतात. दुकानातली बिनाब्रँडची स्वस्त शाई भरली, तर काही महिन्यांतच रंग बदललेला दिसू शकतो. भिंतीवरच्या मोठ्या फोटोसाठी मात्र पिगमेंट शाई आणि आम्लरहित सुती कागद वापरणाऱ्या ठिकाणी पैसे खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हेन्री विल्हेल्म या अमेरिकी संशोधकाने रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर सगळं आयुष्य घालवलं आणि १९९३ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रखर दिव्यांखाली महिनोन् महिने प्रिंट ठेवून तिचं सामान्य घरातलं आयुष्य काढण्याची त्याची पद्धत आहे. अशा चाचण्यांत चांगल्या पिगमेंट प्रिंटचं काचेमागचं आयुष्य शंभर वर्षांच्या घरात किंवा पुढे जातं. हे अनुमान आहे, हमी नव्हे. तरीही हळद आणि गेरू यांतलं अंतर त्यात साफ दिसतं.

घरी छापणार असाल तर दोन गोष्टी पाळा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा, कारण किती शाई सोडायची हे यंत्र त्यावरून ठरवतं. आणि छापलेला फोटो दिवसभर उघडा वाळू द्या, लगेच फ्रेम केला तर शाईतल्या द्रवाची वाफ काचेला आतून धुरकट करते.

तुमच्या हातात आलेली प्रिंट कोणत्या जातीची आहे, हे भिंगाने कळतं. गालाचा किंवा आभाळाचा भाग पाहा. सलग, बिनठिपक्यांचा रंग असेल तर चांदीचा कागद किंवा उष्णतेची फीत. बारीक फवारा दिसला तर इंकजेट. ठिपक्यांची किंवा रेषांची नियमित नक्षी दिसली तर टोनर किंवा छापखाना. चांदीच्या कागदाच्या पाठीवर बहुधा कंपनीचं नाव पुसट अक्षरांत तिरकं छापलेलं असतं.

पावसाळा, हाच खरा शत्रू

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर रेंगाळते. फोटोला ती पन्नासच्या खाली हवी. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेलं प्रथिन आहे, दमट हवेत ते फुगतं, चिकट होतं, बुरशीला आणि कसरीला खाऊ घालतं. देवघराशेजारी हार घातलेला फोटो काचेला डागाडागाने चिकटलेला दिसतो तो याचमुळे. असा फोटो ओढून काढू नका, थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा किंवा नीट उजेडात त्याचा फोटो घ्या. नव्या फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, म्हणजे हवेला जागा राहील. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर, उन्हापासून आणि ओट्याच्या धुरापासून दूर फ्रेम लावा.

अल्बमचं म्हणाल, तर काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद घातलेले जुने अल्बम आश्चर्यकारकरीत्या चांगले निघाले. फोटोला गोंद लागला नाही, हे त्यांचं बळ. त्यानंतर आलेले चिकट पानांचे अल्बम मात्र घातक. त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही. स्वस्त पीव्हीसी पाकिटंही काही वर्षांनी चिकट होतात आणि आम्ल सोडतात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा. एकुलत्या एका फोटोला गरम लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही.

आणि पूर आलाच तर? २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चं चिपळूण. भिजलेले अल्बम लोकांनी चिखलासकट फेकून दिले, आणि ते पाहून जीव हळहळतो, कारण त्यातले बरेच फोटो वाचले असते. फोटोचा कागद मुळात रसायनांत आणि पाण्यात बुडवण्यासाठीच बनवलेला असतो. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून मिळालेले सुमारे साडेसात लाख फोटो धुऊन, वाळवून, त्यांची डिजिटल नोंद केली, म्हणजे लोकांना आपले फोटो शोधून नेता यावेत. घरं गेली, कॉम्प्युटर गेले, फोटो हाती लागले.

पद्धत साधी आहे. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटलेले असताना वाळू देऊ नका, वाळले की ते कायमचे चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून अलगद सुटे करा, चित्र असलेल्या बाजूला बोट न लावता चिखल धुऊन जाऊ द्या. मग स्वच्छ सुती कापडावर फोटो वर करून सावलीत वाळवा किंवा कोपऱ्याला चिमटा लावून दोरीवर टांगा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, वर्तमानपत्र नको. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात हे जमणार नसेल तर फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, घरातला पसारा आवरला की काढा. डाय शाईचे इंकजेट फोटो मात्र पाण्यात टिकत नाहीत, रंग वाहून जातो. त्यांच्या बाबतीत धुवायच्या फंदात न पडता सरळ वाळवावं.

काय छापायचं

फोनमध्ये दहा हजार फोटो असतील तर दहा हजार छापण्यात अर्थ नाही. वर्षाला पन्नास-साठ पुरेत. निवड करताना लोक एक चूक हमखास करतात : सहलीतला मावळता सूर्य छापतात आणि स्वयंपाकाचा ओटा विसरतात. सूर्य पुढेही मावळणार आहे. घरातला जुना ओटा, पाटा-वरवंटा, अंगणातली सायकल, चाळीची गॅलरी, शाळेला निघालेली मुलं, चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचणारे आजोबा या गोष्टी पाच-दहा वर्षांत नाहीशा होतात. समारंभातल्या उभ्या रांगेपेक्षा साध्या दिवसाचा फोटो पुढच्यांना जास्त सांगतो. पणजोबांच्या त्या स्टुडिओतल्या फोटोत आपण काय शोधतो? मागच्या रंगवलेल्या पडद्याकडे आपण पाहतही नाही. आपण हात पाहतो, पायातल्या वहाणा पाहतो, पणजीच्या बांगड्या मोजतो.

छापताना महत्त्वाच्या फोटोंच्या दोन प्रती काढा आणि दुसरी प्रत भावाच्या किंवा बहिणीच्या घरी, दुसऱ्या गावात ठेवा. एकाच पुरात दोन्ही जाणार नाहीत.

आणि मागे नावं लिहा. जुन्या जाड कागदावर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. नव्या प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे लवकर वाळणारं, न पसरणारं मार्कर पेन वापरा. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. कोण, कुठे, कोणतं साल, इतकं पुरे. ज्या फोटोतली माणसं कोणालाच ओळखता येत नाहीत, तो फोटो कितीही सुरेख असला तरी घर बदलताना रद्दीत जातो. ट्रंकेतल्या फोटोंमधल्या माणसांची नावं आज घरातल्या एका-दोघांनाच ठाऊक असतील, बहुधा सगळ्यांत वयस्क व्यक्तीला. त्यांच्याजवळ बसा, एकेक फोटो हातात द्या आणि विचारून लिहून घ्या. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.